घाटकोपरची गाडी आणि शिवाराची वाट : टायर कोणता घ्यावा?



टायर ही वस्तू आपल्याला नवी नाही. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेल्या बैलगाडीतून ऊस वाहिलेला काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. पुढे रबरी चाकाची गाडी आली आणि टायर करणाऱ्या कंपनीच्याच नावाने ती आपल्याकडे 'डनलॉप गाडी' म्हणून ओळखली गेली. मग ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली. कोणते चाक कुठे रुतते आणि कोणते निघते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

तरीपण अलीकडे टायरचा एक नवा प्रश्न घरोघरी आला आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई मुंबईला असतो. घाटकोपरला तर सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतली माणसे पिढ्यान् पिढ्या राहात आली आहेत. हाताला चार पैसे लागले की पोरे उंच, दणकट गाडी घेतात. स्कॉर्पिओ म्हणा, बोलेरो म्हणा, थार म्हणा, आता सगळ्यांना मिळून 'एसयूव्ही' म्हणतात. तीन-चार वर्षांनी टायर बदलायची वेळ येते आणि गावाकडे फोन येतो :

"आबा, आमच्या सोसायटीत सगळ्यांनी जाड नक्षीचे टायर टाकलेत. ऑल-टेरेन म्हणतात. आपल्याला गावाकडं चिखलातनं यायचं असतं, तेच टाकू का?"

"दिसायला रुबाबदार दिसत्यात रं, पण चालतात कसे ते बघितलंस का?"

आबांचा सवाल बरोबर आहे. चार टायर आणि स्टेपनी मिळून पाच नग. ही रक्कम लहान नव्हे, आणि पुष्कळदा ती उसाच्या बिलातूनच जाते. शिवाय त्या पाच नगांवर घरची माणसे बसून रात्री-अपरात्री साडेतीनशे किलोमीटर येतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय थोडा तपशिलाने मांडत आहोत.

नक्षीचे काम काय?

आपल्या ट्रॅक्टरकडेच बघा. मागच्या चाकाला उंच, तिरक्या, ठळक पट्ट्या असतात. पुढच्या चाकाला सरळ उभ्या रेघा असतात. मागच्याचे काम माती धरून ओढायचे, पुढच्याचे काम दिशा द्यायचे. दोन्हीकडे एकच नक्षी चालत नाही. आणि तोच ट्रॅक्टर रोज डांबरीवर पळवला तर मागच्या टायरच्या पट्ट्या किती लवकर झिजतात, तेही आपण जाणतो. सारी गोष्ट यातच आली.

उंच गाड्यांच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला हायवे टायर, म्हणजे एच.टी. याच्या नक्षीत फटी अरुंद आणि रबर जास्त. रस्त्याला टेकणारा भाग भरपूर, म्हणून आवाज कमी आणि डांबरी-काँक्रीटवर पकड चांगली. दुसरा ऑल-टेरेन, म्हणजे ए.टी. यात रबराचे गट्टू मोठे, फटी रुंद आणि खोल, बाजूची भिंत बहुधा जाड. दगड, मुरूम, खडी, सैल माती यांवर हा बरा चालतो. तिसरा मड-टेरेन, म्हणजे एम.टी. हा जवळजवळ ट्रॅक्टरच्या जातीचा, निव्वळ चिखलासाठी. रोजच्या वापराच्या गाडीला तो कुणी घेऊ नये.

ए.टी. टायर म्हणजे दोन गावांतला मध्यस्थ. तो डांबरीवर एच.टी.इतका चांगला नाही आणि चिखलात एम.टी.इतका चांगला नाही. दोन्हीकडे चालून जातो, एवढेच त्याचे म्हणणे. ज्याला खरोखर दोन्हीकडे चालायचे आहे त्याने तो घ्यावा.

काळ्या रानाचा न्याय वेगळा

ए.टी. टायरची कीर्ती मूळ अमेरिकेतली. बी. एफ. गुडरिच कंपनीने १९७६ साली या जातीचा रेडियल टायर बाजारात आणला आणि वाळवंटी शर्यतींतून त्याचे नाव झाले. म्हणजे त्याची परीक्षा झाली ती वाळू, खडक आणि कोरड्या मातीवर. आपले काळे रान मात्र वेगळे. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ओली झाली की ती पायताणाला चिकटते आणि दहा पावलांत पायाचे वजन दुप्पट होते. टायरचेही तेच होते. ए.टी.च्या फटी या मातीने दोन-चार फेऱ्यांत भरतात. फटी भरल्या की जाड नक्षीचा टायर आणि गोटा झालेला टायर यांत फारसा फरक उरत नाही. एम.टी.च्या फटी पुष्कळ मोठ्या असतात, म्हणून चाक जोरात फिरले की चिखल उडून जातो. ए.टी.ला ते थोडेफार जमते, पुरते जमत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या गाडीची दोनच चाके ओढतात तिला ए.टी. टायर टाकले म्हणून ती चारही चाकांनी ओढू लागत नाही. पावसाळ्यात मळ्यापर्यंत गाडी न्यायचा हट्ट धरण्यापेक्षा ती पक्क्या रस्त्याला उभी करून चार पावले चालावे, हे शहाणपण टायरवाला सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

मात्र जिथे मुरूम, खडी, टोकदार दगड आहेत, उदाहरणार्थ डोंगरकडेची गावे, घाटातल्या वाड्या, नवी पाणंद, तिथे ए.टी.चा फायदा खरा आहे. त्याचे जाड गट्टू आणि दणकट बाजू दगडाने सहजी कापली जात नाही.

घाटकोपरचा हिशेब

आता मुलाची गाडी प्रत्यक्षात कुठे चालते ते मांडू. समजा, घाटकोपरला रोज २५ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,५०० किलोमीटर. गावाकडे वर्षाला १० फेऱ्या, जाऊन-येऊन ६५० धरले तर ६,५०० किलोमीटर. एकूण झाले १४,०००. आता गावाकडे आल्यावर दर फेरीला कच्च्या पाणंदीने १० किलोमीटर झाले असे धरा. वर्षाचे १०० किलोमीटर. म्हणजे १४० किलोमीटरात एक किलोमीटर कच्चा. त्यातही पावसाळ्यातल्या फेऱ्या तीन-चार. त्या एका किलोमीटरासाठी बाकीच्या १३९ किलोमीटरांना कोणता टायर द्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

ते १३९ किलोमीटर कसे आहेत? घाटकोपरचा लालबहादूर शास्त्री मार्ग बघा. गेल्या काही वर्षांत मेट्रोच्या कामाची खणाखणी त्याने सोसली. कुठे काँक्रीट, कुठे डांबर, कुठे पेव्हर ब्लॉक, मध्येच गतिरोधक, मध्येच खड्डा. पूर्वेला आले की पूर्व द्रुतगती महामार्ग. मानखुर्दकडे जायला २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुला झालेला उड्डाणपूल. तिथून वाशी, कळंबोली, द्रुतगती मार्ग, पुणे, सातारा. हा सगळा कठीण पृष्ठभागाचा रस्ता आहे आणि जून ते सप्टेंबर तो ओला असतो. मृगाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल-ग्रीस वर येते, तेव्हा तर साबण लावल्यासारखा होतो.

म्हणजे मुंबईकर गाडीला रोज लागते ती ओल्या रस्त्यावरची पकड. ए.टी.मध्ये रस्त्याला टेकणारे रबर कमी, आणि उंच गट्टू ब्रेक लावताना थोडे वाकतात. म्हणून एकाच दर्जाच्या टायरांची तुलना केली तर ओल्या डांबरीवर ए.टी. सहसा एच.टी.पेक्षा उशिरा थांबतो. सगळे ए.टी. सारखे नसतात, काही सौम्य नक्षीचे ए.टी. या बाबतीत बरेच चांगले असतात. पण फरकाची किंमत काय ते आकड्यात बघा. ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर एक गाडी ३६ मीटरांत थांबते असे धरू. पकड सातातली एका हिश्श्याने कमी झाली तर तीच गाडी ४२ मीटरांवर थांबेल. सहा मीटर जास्त, म्हणजे पुऱ्या एका गाडीपेक्षा अधिक लांबी. पुढे थांबलेला ट्रक असला, तर त्या सहा मीटरांत काय काय होते ते सांगायला नको.

आता डिझेलचे बघा. ए.टी. टायर जड असतो आणि रस्त्यावर फिरायला जास्त जोर घेतो. समजा लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी साडेतेरा देऊ लागली. १४,००० किलोमीटरांना १,००० लिटर लागत होते, तिथे १,०३७ लागतील. ९० रुपये लिटर धरले तर वर्षाला ३,३३० रुपये. चार वर्षांत तेरा हजारांवर. टायरची मूळ किंमत जास्त असेल ती वेगळी. शिवाय नक्षी झिजू लागली की गाडीत एकसारखा घूं-घूं आवाज येतो, तो साडेतीनशे किलोमीटर ऐकत यायचे.

"पण खड्ड्यांचं काय?"

पोरे म्हणतात, मुंबईच्या खड्ड्यांसाठी तरी ए.टी. हवा. यात थोडे तथ्य आहे. खड्ड्याच्या काठावर टायर चेपला की बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो काढलाच पाहिजे. जाड भिंतीचा टायर हे थोडे अधिक सोसतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भिंतीची उंची. हौसेने मोठी चकचकीत रिम बसवून त्यावर बुटका टायर चढवला की खड्ड्याचा मार सरळ रिमवर बसतो. कंपनीने दिलेली रिम ठेवावी, त्याच मापाचा टायर घ्यावा आणि हवा बरोबर ठेवावी. खड्ड्याला निम्मा उतारा यातच आहे.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

एखाद्या टायरवर २४५/६५ आर १७ असे लिहिलेले असते. २४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १५९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. सगळे मिळून चाकाची उंची भरते सुमारे ७५० मिलिमीटर.

दुकानदार म्हणतो, "साहेब, ६५ ऐवजी ७० टाका, गाडी उंच होईल." हिशेब करा. चाक ७७५ मिलिमीटरचे होईल, पण गाडी उचलली जाईल त्याच्या निम्म्याने, म्हणजे १२ मिलिमीटर. जेमतेम अर्धा इंच! त्या बदल्यात वेगाचा काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०३ ने पळत असेल, इंजिनावर ओझे वाढेल, आणि चाक वळताना आत घासले तर निराळेच. वर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. विम्याच्या वेळी हाच मुद्दा निघाला तर कोण निस्तरणार?

मापापुढे आणखी एक आकडा व अक्षर असते. आकडा एका टायरच्या भाराचा : १०७ म्हणजे ९७५ किलो, १११ म्हणजे १,०९० किलो. अक्षर वेगाचे : एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर घेऊ नये. गावाहून परत जाताना गाडीत काय काय चढते ते आपल्याला ठाऊक आहे! गव्हाची दोन पोती, गुळाची ढेप, कांद्याची पिशवी आणि वर सहा माणसे.

बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांची तारीखही असते. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो टायर तयार झाला. खताच्या पिशवीवरची तारीख जशी बघतो तशी ही बघावी. जुना पडून राहिलेला माल 'नवा' म्हणून गळ्यात मारून घेऊ नये. काही ए.टी. टायरवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असते. ते बर्फातल्या कसोटीचे आहे. आपल्याकडे त्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही.

हवा : सगळ्यात स्वस्त औषध

कुठलाही टायर घ्या, हवा चुकली तर तो वैरी. किती पौंड हवा ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. रिकाम्या गाडीला वेगळी, भरलेल्या गाडीला वेगळी. हवा कमी असली की भिंत सारखी वाकते, वाकून तापते, आणि तापून फुटते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला. तिथे लहान गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. अशा लांब, सरळ, तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर घेऊन भरधाव जाणे म्हणजे जीवाशी खेळ. हवा थंड टायरमध्ये, निघण्यापूर्वी तपासावी. नायट्रोजन भरला नाही म्हणून अडत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चिखलात मात्र उलटे. रुतायची भीती असेल तिथे हवा पाच-सहा पौंडांनी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. हा उपाय साध्या एच.टी.लाही लागू आहे. पण पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवावा. पाच ए.टी. टायरच्या वाढीव किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

मग कुणी काय घ्यावे?

घाटकोपरला राहून महिन्याकाठी गावाला येणाऱ्याने चांगल्या दर्जाचा एच.टी. घ्यावा. त्याचे भले त्यातच आहे.

जो सभासद गावातच राहतो, ज्याची गाडी रोज पाणंदीने, मुरमाच्या रस्त्याने, डोंगरकडेने फिरते आणि महिन्यातून एखाद्या वेळी शहर बघते, त्याने ए.टी. घ्यावा. त्याचा पैसा वसूल होईल. पाऊस असताना डांबरीवर मात्र पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे.

ज्याचे कामच धरणाच्या, रस्त्याच्या, बांधकामाच्या साइटवर आहे, नाहीतर जो दर आठवड्याला गडकोटांच्या पायथ्याला जातो, म्हणजे निम्मे-निम्मे चालणे आहे, त्याने सौम्य नक्षीचा ए.टी. घ्यावा आणि तोही कंपनीच्याच मापाचा. काही गाड्यांना कारखान्यातूनच ए.टी. बसवून येतात. २०२० सालच्या थारच्या वरच्या मॉडेलला तसे होते. तिथे गाडीची घडण त्या टायरला धरूनच केलेली असते.

खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवा

१. टायरवर आय.एस.आय. चिन्ह असल्याची खात्री करा.

२. माप, भाराचा आकडा, वेगाचे अक्षर आणि तयार झाल्याची तारीख स्वतः वाचा. पक्के बिल घ्या.

३. चारही चाकांना एकाच जातीचे टायर ठेवा. दोन ए.टी., दोन एच.टी. अशी खिचडी नको. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तर मुळीच नको.

४. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागच्या चाकांना लावा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणे कठीण.

५. स्टेपनी विसरू नका. तिचे माप, हवा आणि तारीखही बघा.

६. बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्या, आणि दर ८-१० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा.

७. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. फटींच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना मिळाली की टायर संपला. पण मुंबईच्या पावसात तीन मिलिमीटरवरच बदललेला बरा.

बंधूंनो, आपण बेणे निवडताना शेजाऱ्याचा फड कसा दिसतो एवढ्यावर जात नाही. आपली जमीन, आपले पाणी, आपली लागणीची तारीख बघतो. टायरचेही तसेच आहे. मुलाचा फोन आला तर त्याला एवढेच विचारा : "वर्षाचे किलोमीटर किती, आणि त्यातले मातीतले किती?" त्याने कागदावर दोन आकडे मांडले की पुढचा सल्ला द्यायची आपल्याला गरज पडणार नाही.